आईच्या नानकटाईवर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते आज विचारतेच. मला आमच्या घरच्या आठवणी लिहून काढायच्यात. छापायच्या वगैरे नाहीत, फक्त घरातल्यांसाठी, माझी मुलगी आणि भाचरंडं यांना पुढे कधीतरी वाचता याव्यात म्हणून. आणि त्यातही सगळ्यात आधी नानकटाईवर लिहायचंय, कारण आमच्याकडे दिवाळीची सुरुवात चकली-चिवड्याने नाही तर नानकटाईने व्हायची.

ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलं त्यांना हे सांगायला नको, ओव्हन कुणाकडे होता तेव्हा? धनत्रयोदशीच्या आधी आठ-दहा दिवस बेकऱ्यांमधे नुसती झुंबड. सामान आपलं आपण न्यायचं, मैदा, थोडा रवा, डाळीचं पीठ, डालडा नाहीतर साजूक तूप, गिरणीतून दळून आणलेली साखर, वेलची-जायफळाची पूड, आणि परत आणायला रिकामे पत्र्याचे डबे. बेकरीवाला वेळ द्यायचा ती बहुतेक रात्रीची, पाव काढून झाले की. मग तिथला एक माणूस मोठ्या परातीत तळहाताने तूप-साखर फेसायचा आणि बायका आणि आम्ही पोरं खाली बसून गोळे वळायचो आणि काळ्या पत्र्यांवर ओळीने लावायचो. आमच्या नानकटाईवर आई एकेक बेदाणा दाबायची (सांगलीत बेदाण्याला काय तोटा), शेजारच्या काकूंच्यावर चारोळी, म्हणजे भट्टीतून पत्रे बाहेर आले की कुणाचे कुठले ते कळायचं.

हे इथे कसं भराभर लिहिलं गेलं बघा. पण वही घेऊन बसले की "माझी आई अतिशय कष्टाळू आणि प्रेमळ" असं सुरू होतं आणि चार ओळींत संपतं, पुढे काही सुचतच नाही. आईला विचारावं तर ती आता थकलीये, थोडं विसरायलाही लागलीये, आणि म्हणते त्यात काय सांगायचं, सगळ्याच करायच्या. म्हणूनच मला घाई झालीये खरं तर.

तर तुमच्यापैकी कुणी घरच्या आठवणी लिहिल्यात का? सुचतं कसं तुम्हाला? पूर्ण लेख आधी डोक्यात तयार असावा लागतो का? आणि रेसिपी त्यात घालावी का, की मग तो पाककृतीचाच लेख होईल?

शाईपेन

तुम्ही वर जे बेदाण्याचं लिहिलंय ना, तीच सुरुवात आहे.

वहीत तुम्ही आईचं वर्णन करायला बसता आणि इथे आम्हाला बेकरीत काय व्हायचं ते सांगत होतात, म्हणून इथे जमलं. माझं मत असं की घरच्या माणसांवर लिहिताना त्यांचे गुण लिहायचेच नाहीत. कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख हे कुणाच्याही आईबद्दल लिहिता येतं, बेदाणा दाबणारी आई फक्त तुमची.

एक करून बघा. आई बाजूला ठेवा आणि तो पत्र्याचा डबा घ्या. तो वर्षभर कुठे असायचा, माळ्यावर की कॉटखाली? त्यात एरवी काय असायचं? दिवाळीआधी तो रिकामा कोण करायचं, घासून उन्हात कोण ठेवायचं? घरून बेकरीपर्यंत चालत की सायकलवर, कुठल्या रस्त्याने, तुपाचं भांडं कुणाच्या हातात? बेकरीत बसायला काय होतं, उजेड कसला होता, वडील यायचे का? परत येताना डबा गरम असणार, मग तो धरला कसा? डब्याच्या वाटेने जा आणि वाटेत जे जे भेटतील त्यांना लिहीत जा. आई येईलच त्यात, ती अख्ख्या रस्त्यात तुमच्या बरोबरच आहे.

पूर्ण लेख डोक्यात तयार असावा लागत नाही. कुणाचाच नसतो. रेसिपीचं सुगरणींनी सांगावं.

राजापूरची_सून

मी सुगरण वगैरे नाही पण रेसिपीबद्दल मला फार ठाम बोलायचंय म्हणून मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

रेसिपी नुसती घालू नका, रेसिपीपासूनच सुरू करा. माझ्या सासूबाईंचं पण असंच होतं. प्रश्न विचारला की उत्तर यायचं "होतं आपलं साधंच सगळं" आणि विषय बंद. मग एका भाद्रपदात मी म्हटलं आई मला धोंडस शिकवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धोंडस म्हणजे आमच्या कोकणातला तवशाचा केक म्हणा हवं तर, काहीजण तवसाळी म्हणतात. तवसं म्हणजे पावसाळ्यात मांडवावर होणारी ती भलीमोठी काकडी, जून झाली की पिवळी पडते. घरोघरी ती केळीच्या सोपाने बांधून वाशाला टांगून ठेवतात, महिनोन्महिने टिकते. ती किसायची, पाणी टाकायचं नाही अजिबात, त्या पाण्यातच रवा शिजतो. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा, मग गूळ, ओलं खोबरं, किंचित मीठ, वेलची, सगळं शिजवून घट्टसर झालं की जाड बुडाच्या टोपात खाली हळदीचं पान घालून त्यात ओतायचं. खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. वरखाली आच मिळाली की मधलं सगळं छान भाजून निघतं आणि वरून खरपूस पापुद्रा येतो. ओव्हन हल्लीचा, पण हे भाजणं आपल्याकडे चुलीवर कधीपासूनचं आहे, मैदा अंडी काही नसताना. आता मी ओव्हनमधेच करते, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून १८० वर, छान होतं.

तर सांगायचं ते असं की किसणी हातात आल्यावर सासूबाई बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं. तवसं किसता किसता म्हणाल्या आमच्या माहेरी तवसं शेजारच्या चुलत घरातून यायचं. मग रवा भाजताना हळूहळू निघालं की त्या दोन घरांचं बोलणं बंद होतं, विहिरीवरून भांडण झालेलं, मोठी माणसं एकमेकांच्या दारात उभी राहायची नाहीत. पण भाद्रपदात एका सकाळी पडवीत तवसं ठेवलेलं असायचं. कोण ठेवून गेलं ते कुणी बघायचं नाही, विचारायचं नाही. आणि धोंडस झालं की त्याचा वाटा केळीच्या पानात बांधून तसाच त्यांच्या पडवीत जायचा. कितीतरी वर्षं हे चाललं. मला लग्न होऊन इतका काळ झाला होता, हे मी पहिल्यांदा ऐकत होते, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं!

मी हे "माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या आठवणी" म्हणून विचारलं असतं तर जन्मात मिळालं नसतं. त्यांच्या हाताला ते आठवत होतं. म्हणून तुमच्या आईंना प्रश्न विचारू नका, त्यांच्यापुढे परात ठेवा. गोळे तुम्ही वळा, त्यांना फक्त बघू दे आणि चुका काढू दे. फोनवर रेकॉर्डिंग लावून बाजूला उलटा ठेवून द्या (त्यांना सांगून मात्र, मी सासूबाईंना सांगितलं होतं आणि थोड्या वेळाने त्या विसरून गेल्या). आणि नंतर लिहिताना त्या जशा बोलल्या तसंच लिहा, शुद्ध करू नका. सासूबाई "होतंव, जातंव" बोलतात ते मी तसंच ठेवलंय.

परळकर

राजापूरची सून, पडवीतल्या तवशाचं वाचून खूप बरं वाटलं, हे लिहिलंयत ना नीट कुठेतरी? नसेल तर लिहा.

मी थोडं वेगळं सांगतो. या आठवणी लिहिताना सगळं गोड गोड होतं आणि सगळ्या आया-आज्याच असतात, पुरुष फक्त जेवायला. आमच्याकडे केक बाबा करायचे. कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, पाळी संपवून आले की रविवारी दुपारी नूतन स्टोव्हवर वाळूचा केक. चाळीत आमच्या मजल्यावर दुसरं कुणी करत नव्हतं. वाळू चौपाटीची चालत नाही, ती खारट वासाची, बांधकामावरून मागून आणलेली रेती चाळून, धुऊन, उन्हात वाळवून एका गोणपाटाच्या पिशवीत ठेवलेली असायची आणि त्या पिशवीला आम्ही हात लावायचा नाही. लोखंडी कढईत रेती आधी चांगली तापवायची, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा डबा, वर घट्ट झाकण आणि झाकणावर वजन. रेतीमुळे आच थेट बुडाला लागत नाही, सगळीकडून सारखी मिळते, म्हणून बूड करपत नाही. हे बाबा प्रत्येक वेळी समजावून सांगायचे, आम्हाला पाठ झालं होतं तरी. अंडी फेटायचं काम आम्हा भावंडांचं, गॅलरीत बसून काट्याने, हात बदलून बदलून. मधे झाकण उघडलं तर केक बसतो म्हणून ते स्वतः स्टोव्हसमोर पाटावर बसून राहायचे, पेपर वाचत, आणि वास आला की शेजारच्या खोल्यांतली पोरं दारात.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आमचे बाबा त्यातले एक. अंडी बंद, लोणी तर आधीच नव्हतं, रॉकेल फक्त भातापुरतं. आईने डबे द्यायला सुरुवात केली, ऑफिसवाल्यांचे. त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला केक झाला नाही. बाबांनी रेतीची पिशवी काढली, चाळली, धुतली, वाळवली आणि परत भरून ठेवली. मी तेव्हा बघत होतो पण काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यांनाही काही बोलता आलं नसणार.

बाबा गेल्यानंतर मी लिहायला बसलो तेव्हा केकबद्दल लिहायचं ठरवलं होतं आणि लिहिलं गेलं ते हे. म्हणून सांगतो, नानकटाई ज्या वर्षी झाली नाही ते वर्ष आठवा. का नाही झाली? साखर मिळाली नाही, कुणी आजारी होतं, सुतक होतं, पैसे नव्हते, भांडण झालं होतं? प्रत्येक घरात असं एक वर्ष असतं. तुपाऐवजी डालडा कधीपासून आला आणि परत तूप कधी परवडायला लागलं, एवढं लिहिलंत तरी घराची अख्खी परिस्थिती येते त्यात.

सांगलीची_लेक

परळकर, तुमचं वाचून काही वेळ काही लिहिताच आलं नाही. राजापूरची सून, तुमचंही. खूप खूप आभार तुम्हा सगळ्यांचे.

नानकटाई न झालेलं वर्ष आहे आमच्याकडे. आजोबा गेले ते वर्ष. पण त्या वर्षी शेजारच्या काकूंनी त्यांच्या नानकटाईतले दोन पत्रे बेदाणा लावून भाजून आणले होते, आमच्यासाठी. हे मी पार विसरले होते, परळकरांची पोस्ट वाचताना अचानक वर आलं.

शाईपेन, डबा कॉटखाली असायचा, त्यात एरवी गोधड्यांची चिंधकं.

एक अडचण अशी की आईची सगळी मापं वाटीची आहेत. एक विशिष्ट वाटी, काठाला चेमटलेली, ती अजून आहे घरात. "वाटी दाबून मैदा, वाटीला बोटभर कमी साखर, तूप मावेल तेवढं" अशी रेसिपी. हे असं लिहिलं तर माझ्या मुलीला पुढे काय कळणार? ती ग्रॅम आणि कपवाली आहे.

जर्सीतून

वाटीचं मी सांगते, हे मी केलंय. वजनकाटा घ्या, वाटी त्यावर ठेवून काटा शून्य करा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम येतील तितके मिली तुमच्या वाटीचं माप, पाण्याला एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. मग तीच वाटी आईंच्या हाताने मैद्याने भरून घ्या, म्हणजे दाबून म्हणजे किती दाबून ते कळेल, आणि वजन करा. असंच साखरेचं, तुपाचं. हे आईंच्या हातानेच करून घ्या, तुमचं दाबणं आणि त्यांचं दाबणं यात बराच फरक येतो, माझ्या आईच्या आणि माझ्या वाटीत आला.

पण लिहिताना दोन्ही लिहा. वर आईंचं वाक्य जसंच्या तसं, खाली ग्रॅम. "तूप मावेल तेवढं" हे गाळलंत तर ती रेसिपी तुमच्या आईंची राहणार नाही, आणि ग्रॅम गाळलेत तर मुलगी करणार नाही.

नानकटाईचं थोडं अजून, कारण इथे येऊन ती नीट जमवायला मला खूप शोधाशोध करावी लागली. तूप थिजलेलं पाहिजे, पातळ केलेलं चालत नाही, थिजलेल्या तुपातच फेसताना हवा धरली जाते आणि म्हणून ती खुसखुशीत होते. पातळ तुपाची पसरते. फेसताना पिवळं तूप पांढरं आणि हलकं होतं, तिथपर्यंत फेसायचं. डाळीच्या पिठाने खमंगपणा येतो आणि रव्याने ती थोडी कणीदार लागते. सोडा अगदी चिमूट, जास्त झाला तर साबणासारखी चव येते, आंबट काही नसतं ना त्यात सोड्याला मारायला, म्हणून काहीजण चमचाभर दही घालतात. इथलं ऑल पर्पज फ्लोअर आपल्या मैद्यापेक्षा थोडं चिवट पडतं, मी त्यात थोडं केक फ्लोअर मिसळते. आणि ओव्हन इथे फॅरनहाइटमधे, ३५० म्हणजे साधारण १७५ सेल्सियस. नानकटाईला मी त्याहून थोडं कमीच ठेवते म्हणजे रंग न चढता आतपर्यंत भाजली जाते. बाहेर काढल्यावर मऊ लागते म्हणून परत आत टाकू नका, गार झाली की कडक होते. गरम असताना डब्यात भरायची नाही हे तर तुमच्या आई सांगतीलच.

आता लिहिण्याबद्दल. मी घरच्यांच्या ग्रुपवर "लहानपणीच्या आठवणी पाठवा" असं टाकलं तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले फक्त. मग मी विचारलं की "नानकटाई आणायला रात्री बेकरीत कोण जायचं, दादा का आप्पाकाका?" आणि काय सांगू, पहाटेपर्यंत मेसेज. काका म्हणतात मी, आत्या म्हणते काका नाहीच, तो तेव्हा नाशिकला होता शिकायला, आई म्हणते दोघंही नाहीत, बेकरीतला मुलगा घरी आणून द्यायचा. छोटा, नेमका आणि भांडता येईल असा प्रश्न विचारा, लोक बोलतात. आणि खरं कुणाचं ते शोधत बसू नका, तिघांचंही लिहा. काकांचं म्हणणं असं, आत्याचं असं. आमच्या वहीत ते पान सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडतं, पोरं मुद्दाम मोठ्याने वाचतात.

म्हापशेकर

इथे गोव्यातून वाचतोय. राजापूरवाल्या ताईंचं वरच्या निखाऱ्यांचं वाचून बेबिंक आठवलं. आमचं हिंदू घर, बेबिंक नाताळात शेजारून यायचं. त्या शेजारच्या आजी अंगणात बसून एकेक थर भाजायच्या, नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, थोडा मैदा, वर निखाऱ्यांचं झाकण, एक थर झाला की त्यावर तूप आणि दुसरा थर. अख्खी दुपार जायची. मी शाळेतून येऊन त्यांच्या बाजूला बसायचो आणि त्या थर होईपर्यंत गोष्टी सांगायच्या, कोंकणीतून. आज लिहायचं म्हटलं तर मला आमच्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा त्या अंगणातलंच जास्त आठवतं. शेजारी पण लिहा म्हणजे. चारोळीवाल्या काकू आहेतच तुमच्याकडे, त्यांना एक पूर्ण पान द्या.

पानोपानी

सुचण्याबद्दल माझं एकच म्हणणं, तारीख ठरवा. आमच्याकडे घरचा हस्तलिखित दिवाळी अंक निघतो, आजोबांनी सुरू केला, मधे बंद पडला, आता आम्ही चुलत भावंडं परत काढतो. मराठीत दिवाळी अंक सुरू झाला १९०९ ला, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासून, आणि आजोबांना त्याचं फार होतं, ते म्हणायचे फराळाबरोबर वाचायलाही ताजं पाहिजे. नियम एवढाच की दसऱ्यापर्यंत प्रत्येकाने एक पान द्यायचं. चांगलं-वाईट कुणी बघत नाही. मुलांची चित्रं असतात, माझा भाऊ क्रिकेटवर लिहितो, मावशी फक्त त्या वर्षी काय काय केलं फराळाला आणि काय बिघडलं त्याची यादी देते. आणि आता मागचे अंक काढून बसलं की मावशीच्या त्या याद्याच सगळे आधी वाचतात, कुठल्या वर्षी चकल्या हसल्या, कुठल्या वर्षी कोण पहिल्यांदा लाडू वळायला बसलं.

एक पान आणि दसरा. मोठा लेख लिहायचाय असं डोक्यात आणलंत की बसवतच नाही. तुमच्या मुलीला आणि भाचरंडांनाही एकेक पान द्यायला सांगा, ती मोठी झाल्यावर वाचतील ही वाट कशाला बघायची?

सांगलीची_लेक

परत आले. शनिवारी सांगलीला गेले होते, परात, मैदा, तूप सगळं घेऊन आईसमोर बसले. राजापूरची सून, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आधी ती नुसती बघत होती, मग म्हणाली अगं असं नाही, तळहाताने रेट, बोटांनी काय करतेस, आणि परात स्वतःकडेच ओढली. वाटीचं वजनही केलं. मुलगी काट्यावरचे आकडे वाचत होती आणि आई म्हणत होती हे कशाला, वाटी देतेच की मी तिला.

जे लिहिलंय त्यातला थोडा भाग देते, कसं वाटतंय सांगा. अजून पुढे बरंच लिहायचंय.

"बेकरी खणभागात होती. आईच्या हातात मैद्याची पिशवी, माझ्या हातात तुपाचा डबा आणि दादाच्या डोक्यावर रिकामा पत्र्याचा डबा, तो त्यावर ताशा वाजवायचा आणि आई त्याला रस्त्यात गप्प करायची. नंबर रात्री साडेनऊनंतरचा. आत शिरलं की आधी गरम वाफ आणि मग पावाचा वास. तूप फेसणारा माणूस हात कोपरापर्यंत धुऊन यायचा आणि आईला विचारायचा, वहिनी साखर बेताचीच ना? आई म्हणायची, बेताचीच. शेजारच्या काकू म्हणायच्या, आमच्यात होऊ दे सढळ. दरवर्षी हेच बोलणं. आजोबांना गोड चालत नव्हतं म्हणून आमच्यात साखर कमी, हे मला परवा कळलं. आजोबा गेल्यावरही आईने साखर वाढवली नाही. मी विचारलं का नाही वाढवलीस, तर म्हणाली, वाटी तेवढीच भरायची सवय झाली होती."

हे शेवटचं तिने परवाच सांगितलं, परात तिच्या पुढ्यात असताना.

परळकर

हेच पाहिजे होतं. काही बदलू नका यात.

शाईपेन

दादाचा ताशा आणि "वहिनी साखर बेताचीच ना" या दोन गोष्टींनी मला बेकरीत नेलं. तूप फेसणाऱ्या माणसाबद्दल अजून काही आठवतंय का? तो कुठला होता, दिवाळीत त्याच्या घरी काय असायचं, तुम्हा पोरांना तो काही द्यायचा का? आईंना विचारा, त्या दरवर्षी त्याच्याशी बोलत होत्या.

सांगलीची_लेक

द्यायचा! खारीचे तुकडे, पत्र्याच्या कडेला राहिलेले. दादा आणि मी दारातल्या पोत्यांवर बसून खायचो. बाकीचं उद्या फोन करून विचारते आईला, आणि काकूंनाही, त्या आता मुलाकडे मिरजेला असतात.

राजापूरची_सून

काकूंना फोन नको, मिरज जवळ आहे, बेदाणा लावलेली नानकटाई घेऊनच जा. आणि मजुरी विचारा दोघींना, किलोवर होती की पत्र्यावर. माझ्या माहेरी रत्नागिरीत किलोवर घ्यायचे असं आई म्हणते, आणि मामी म्हणते पत्र्यावर.